सेकंदाला किती?

फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. विंडोजमध्ये व्हिडिओची माहिती इथे मिळते आणि बरेच जण इथेच अडखळतात, कारण एका फाइलीसाठी तीन आकडे दिसतात. ‘डेटा रेट’ हा फक्त चित्राचा. खाली ऑडिओच्या रकान्यात ‘बिट रेट’ असतो तो फक्त आवाजाचा. ‘टोटल बिटरेट’ ही दोघांची बेरीज. आत्ता समोर असलेल्या फाइलीत डेटा रेट १८७२, आवाज १२८, टोटल २००० केबीपीएस. म्हणजे ही फाइल एक सेकंद चालायला वीस लाख बिट लागतात. त्यांतले पावणेएकोणीस लाखांच्या आसपास चित्राला जातात, उरलेले सव्वा लाख आवाजाला.

*

बिटरेट हा खर्चाचा आकडा आहे. सेकंदाला किती बिट वापरले एवढंच तो सांगतो. त्या खर्चातून पदरात काय पडलं, हे सांगत नाही. लोक मात्र तो दर्जाचा आकडा म्हणून वाचतात. मग कोणी बारीक आकडा बघून चांगली फाइल टाकून देतो, कोणी मोठा आकडा बघून वाईट प्रत जपून ठेवतो आणि मूळ कॅसेट भंगारात देतो. या दुसऱ्या प्रकाराने घराघरांतले जुने आवाज कायमचे जातात. म्हणून हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

*

एकच हिशेब पाठ करावा. १ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी, तासाला ४५० एमबी. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून साठ सेकंदांचे साठ मेगाबिट भागिले आठ. फाइलीचा आकार बाइटमध्ये सांगतात, बिटरेट बिटमध्ये. सगळा घोळ या आठपटीचा असतो.

दिवसाला दीड जीबीचा पॅक घ्या. १ एमबीपीएसचा व्हिडिओ त्यात ३ तास २० मिनिटं चालतो. ५ एमबीपीएसचा ४० मिनिटांत पॅक संपवतो.

इथला ‘किलो’ खरोखर हजाराचा आहे: १२८ केबीपीएस म्हणजे १,२८,००० बिट. १०२४चा हिशेब विंडोज फाइलीच्या आकाराला लावतं. ४.७ जीबीची डीव्हीडी तिथे ४.३७ दिसते ती त्यामुळे. दुकानदाराने फसवलेलं नसतं.

*

आयफोनमध्ये बिटरेट हा शब्द कुठे दिसत नाही, पण आकडा समोरच असतो. सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ. खाली बारीक अक्षरांत: एका मिनिटाच्या व्हिडिओला अंदाजे ६० एमबी (१०८०पी, ३० फ्रेम), १७० एमबी (४के, ३० फ्रेम). साडेसातने भागलं की ८ एमबीपीएस आणि २२.७ एमबीपीएस. आता एक पायरी मागे येऊन ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा आणि पुन्हा तेच पान उघडा. अनेक मॉडेलांवर १०८०पीचे ६० एमबी आता १३० होतात. भिंग तेच, सेन्सर तोच, समोरचं मूलही तेच. फक्त साठवण्याची पद्धत एचईव्हीसीवरून एच.२६४वर आली आणि खर्च दुपटीहून वाढला. बिटरेट एकटा वाचू नये, शेजारी कोडेक, म्हणजे ही साठवण्याची पद्धत, वाचावा, याचा इतका स्वच्छ पुरावा खिशातच असतो.

*

६० वॅटचा पिवळा बल्ब आणि ९ वॅटचा एलईडी खोलीत साधारण सारखाच उजेड पाडतात. वीजबिलावरून उजेड मोजता येत नाही. कोडेकांचंही तसंच. एमपेग-२ हा नव्वदच्या दशकातला, एच.२६४ हा २००३चा, एचईव्हीसी २०१३चा, एव्ही१ २०१८चा. एचईव्हीसी तयार करताना उद्दिष्टच हे होतं की एच.२६४ला लागतात त्याच्या निम्म्या बिटांत तेवढंच चित्र मिळावं. तेव्हा ‘चार एमबीपीएस पुरे का हो?’ या प्रश्नाला उलट प्रश्न विचारावाच लागतो: कशातले चार?

*

आवाजात हा फरक आणखी ठसठशीत दिसतो. जुन्या लँडलाइनचं डिजिटल जाळं जी.७११ या १९७२च्या मानकावर चालायचं. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. २०१२ला ओपस आला. ओपसमध्ये २४ केबीपीएसला बोलणं ऐकलं तर ते त्या ६४च्या लँडलाइनपेक्षा कितीतरी जवळचं वाटतं. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येतात, फोनवर ते एकमेकांत मिसळायचे. आकडा निम्म्याहून कमी, आवाज जास्त भरीव.

म्हणून व्हॉइस मेसेजची फाइल उघडून त्यातला लहान आकडा बघून नाक मुरडू नये. आजीने सांगितलेली आठवण ३२च्या ओपसमध्येही नीट राहते.

*

सीडीचा आकडा १४११. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन वाहिन्या: १४,११,२०० बिट. यात दाबणं-वगळणं काही नाही, सरळ गुणाकार.

४४,१०० हा आडनिडा आकडा कुठून आला, याची हकिगत मला फार आवडते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इतका डिजिटल आवाज मावेल अशी सोयीची जागा एकच होती, व्हिडिओ टेप. म्हणून आवाजाचे नमुने टीव्हीच्या चित्राच्या ओळींत बसवत. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम), प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २९४ ओळी, ओळीत ३ नमुने: ४४,१००. अमेरिका-जपानच्या पद्धतीत ६० फील्ड, २४५ ओळी, ३ नमुने: पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो ठरला आणि १९८२ला सीडीबरोबर जगभर गेला. फाइलीवर १४११ दिसलं की त्यात टीव्हीच्या त्या ओळी मोजलेल्या आहेत.

*

मग उलटं झालं. एमपेग-१ या मानकाच्या अधिकृत नावातच ‘सुमारे १.५ एमबीपीएसपर्यंत’ असं आहे. तेवढंच का? कारण सीडीचा साधा, एकपट वेगाचा ड्राइव्ह तेवढंच देऊ शकत होता. जिथून फक्त गाणं येत होतं तिथूनच आता सिनेमाही यायचा होता. १९९३च्या व्हीसीडीत चित्राला ११५० केबीपीएस आणि आवाजाला २२४ ठरवून दिले. चित्राचा आकार ३५२ बाय २८८. डिस्क ७४ मिनिटांची, म्हणून नाटक दोन डिस्कवर आणि मध्यंतराच्या सुमारास उठून डिस्क बदलायची.

त्या व्हीसीडींवर मराठी रंगभूमीचा मोठा ठेवा आहे. काही प्रयोगांची सामान्य माणसाच्या हाती असलेली प्रत तेवढीच. आज ती फाइल १०८०पीला ताणून १० एमबीपीएसला साठवणारे भेटतात. चित्रात एकाही नव्या बिंदूची भर पडत नाही. ११५०चं जे आहे ते डिस्कवरून जसंच्या तसं उतरवून ठेवावं. दाखवताना मोठं करायचं काम टीव्हीचं आहे.

*

न दाबलेलं चित्र किती मोठं असतं हे एकदा काढून बघावं. १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, आठ बिटांचं नेहमीचं ४:२:० चित्र: ६२२ एमबीपीएस. यूट्यूब अशा व्हिडिओसाठी चढवताना ८ एमबीपीएस सुचवतं. अठ्ठ्याहत्तरातले सत्त्याहत्तर भाग वगळूनही चित्र चित्रच राहतं. ही माणसाने केलेली मोठी करामत आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

*

व्हीएलसीमध्ये टूल्स, कोडेक इन्फॉर्मेशन, आणि त्यातला ‘स्टॅटिस्टिक्स’चा टॅब. ही खिडकी बाजूला उघडी ठेवून व्हिडिओ बघावा. बिटरेटचा आकडा क्षणाक्षणाला हलताना दिसतो.

लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचं चित्रण, एच.२६४, एकसमान दर्जा धरून केलेलं. सुरुवातीला कॅमेरा स्टँडवर आहे, पथक थांबलंय, ध्वजधारी उभे आहेत. आकडा तीन-चार हजारांत रेंगाळतो. ताशाची तर्री सुरू होते, ढोल उचलले जातात, आकडा चढतो. मग कोणीतरी गुलाल उधळतो आणि आकडा तिप्पट-चौपट होतो. गुलाल खाली बसला, रस्ता नुसता लाल दिसायला लागला की उतरतो.

कारण असं: फाइल दाबून लिहिणारा एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. मागच्या फ्रेममधला तुकडा कुठे सरकला एवढं लिहितो. ध्वज डावीकडून उजवीकडे गेला, तर तो कुठून कुठे गेला हे थोडक्यात सांगता येतं. गुलालाचा कण न् कण आपापल्या दिशेला जातो. मागच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखा तुकडाच सापडत नाही. तिथे सगळं नव्याने लिहावं लागतं. पाऊस, लाटा, धबधबा, फुलांचा वर्षाव, सगळ्यांचं हेच.

आणि नेमक्या त्याच क्षणी बिटरेटला वरून झाकण लावलेलं असेल, तर चेहऱ्यांच्या जागी चौकोन दिसतात. संथ मुलाखतीसाठी ठरवलेला आकडा मिरवणुकीला लावू नये. मुलाखतीला दोन एमबीपीएस भरपूर. मिरवणुकीला आठही कमी पडतात.

*

मिनिडीव्ही टेपच्या डीव्ही पद्धतीत याच्या बरोबर उलट. दोन हजारच्या दशकातली किती लग्नं या टेपांवर आहेत! पालमध्ये प्रत्येक फ्रेम १,४४,००० बाइटची. अंतरपाट दूर होतानाची, अक्षता पडतानाची फ्रेम तेवढीच, आणि कॅमेऱ्याचं झाकण न काढता चुकून चालू राहिलेली काळीकुट्ट फ्रेमही तेवढीच. सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला १३ जीबी. आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी संबंध नाही, म्हणून टेपचा एखादा तुकडा खराब झाला तर तेवढ्याच फ्रेम जातात.

याला स्थिर बिटरेट म्हणतात, मीडियाइन्फो या मोफत साधनात ‘कॉन्स्टंट’. मिरवणुकीसारखा हलता असेल तो ‘व्हेरिएबल’, आणि त्याचा दाखवलेला आकडा ही फक्त सरासरी असते. सरासरीखाली कमाल आकडा दिला असेल तर तोही बघावा. टीव्हीला पेनड्राइव्ह लावल्यावर सिनेमा ठरावीक जागीच अडकतो, तेव्हा पुष्कळदा सरासरी निरुपद्रवी असते आणि ती एक उसळी अवजड असते.

*

मीडियाइन्फो ज्यांच्याकडे नाही त्यांनी घ्यावं. त्यातल्या दोन ओळी बिटरेटपेक्षा जास्त बोलतात.

पहिली, दर फ्रेमच्या दर बिंदूमागे किती बिट. १०८०पी, २५ फ्रेम, ८ एमबीपीएस असेल तर ०.१५४. तेच चित्र २ एमबीपीएसला असेल तर ०.०३९. हाच आकडा घेऊन वेगवेगळ्या आकारांच्या फाइली शेजारी ठेवता येतात, अर्थात कोडेक सारखा असेल तर.

दुसरी, ‘एन्कोडिंग सेटिंग्ज’. एक्स२६४ या एन्कोडरने केलेल्या फाइलीत ही लांबलचक ओळ बहुधा असते. तिच्यात ‘सीआरएफ=२३’ सापडलं, तर फाइल करणाऱ्याने बिटरेट ठरवलाच नव्हता हे कळतं. त्याने दर्जा ठरवला आणि लागतील तितके बिट लागू दिले. २३ हा मूळचा ठेवलेला आकडा. जितका लहान, तितका दर्जा वरचा. अशा फाइलीत बिटरेट मोठा निघाला तर अर्थ एवढाच की दृश्य अवघड होतं.

*

नेटफ्लिक्सनेही २०१५च्या अखेरीस हेच मान्य केलं. तोवर १०८०पीसाठी कोणताही सिनेमा असो, वरचा आकडा ५८०० केबीपीएस. मग त्यांनी प्रत्येक कलाकृतीचा वेगळा आराखडा करायला सुरुवात केली. सपाट रंगांच्या कार्टूनला त्याच्या कितीतरी खाली भागतं. दाणेदार, अंधारात घेतलेल्या ॲक्शनपटाला तेही पुरत नाहीत.

*

“अहो, ३२०ला करून द्या ना. १२८ला आवाज पातळ येतो.”

काका एका पेनड्राइव्हवर कीर्तनं घेऊन आलेले. फाइली एमपी३, १२८ केबीपीएस. कॅसेटवरून कोणीतरी उतरवलेल्या. कॅसेट कुठे आहेत ते त्यांना माहीत होतं, पण आता त्यांची गरज नाही असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

एमपी३मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या फ्रेममध्ये कापला जातो. सीडीच्या वेगाला एक फ्रेम २६ मिलिसेकंदांची. १२८ला अशा एका फ्रेमला ४१७-१८ बाइट मिळतात, ३२०ला १०४४-४५. १२८ करताना जे वगळलं ते वगळलं. आता त्याच फाइलीची ३२० केली की प्रत्येक फ्रेमला अडीचपट जागा मिळते, पण त्या जागेत ठेवायला नवं काही नाही. उलट पुन्हा एकदा आकडे ढोबळ केले जातात, आवाज किंचित आणखी बिघडतो. फाइल मात्र अडीचपट फुगते आणि आकडा रुबाबदार दिसतो.

मी त्यांना म्हटलं, “काका, या फाइली आहेत तशा राहू द्या. त्या कॅसेट घेऊन या.”

*

खोटं ३२० ओळखायचं कसं? स्पेकसारख्या साधनात फाइल टाकली की आवाजाचा वर्णपट दिसतो, तळाशी मंद्र, वर तार. १२८ला बहुतेक एन्कोडर १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं काढून टाकतात. ३२० म्हणवणाऱ्या फाइलीत तिथे आडवी, पट्टीने मारल्यासारखी रेघ असेल आणि वर नुसता काळोख, तर ती कधीतरी १२८ होती.

पण घाई करू नये. जुन्या कॅसेटवर मुळातच वरचे स्वर नसतात. तिथे वर्णपट हळूहळू विरत जातो. विरणं वेगळं, कापलं जाणं वेगळं. नुसत्या उंचीवरून निवाडा देणारे खऱ्या जुन्या ध्वनिमुद्रणाला खोटं ठरवतात.

*

कमी बिटरेटला सगळ्यात आधी काय जातं? कीर्तन-भजनात टाळ जातो. टाळाचा नाद अतिशय तीक्ष्ण सुरू होतो आणि वरच्या पट्टीत पसरतो. एमपी३ आवाजाचा एक छोटा काळ एकत्र घेऊन हिशेब करतो, आणि त्यात झालेली चूक त्या सगळ्या काळावर पसरते. त्यामुळे टाळ वाजण्याआधीच एक बारीक सळसळ येते. एन्कोडर अशा जागी छोटे तुकडे वापरतो, पण त्यांना बिट जास्त लागतात आणि ६४ला ते नसतात. मग टाळ पाण्यात वाजल्यासारखा येतो. बुवांचा आवाज त्याच फाइलीत ठीक असतो.

तंबोऱ्याला हा त्रास नाही. तो अखंड चालतो, त्याचं गणित सोपं.

*

एकट्या आवाजाला सोपं समजू नये. एमपी३ घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग यांनी जर्मनीत सुझान वेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांशिवाय गायलेलं गाणं चाचणीला घेतलं, आणि तिथे त्यांची पद्धत उघडी पडली. वाद्यवृंदात चुका झाकल्या जातात. एकट्या गळ्याभोवती झाकायला काही नसतं. पुष्कळ सुधारणा त्या गाण्यावर ऐकून झाल्या.

जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांचा विचार इथे मनात येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कित्येक बायकांच्या आवाजात मुद्रित आहेत. जिथे मागे जातं फिरतंय तिथे एकट्या गळ्याच्या जोडीला दगडाची सलग घरघर असते. घरघर म्हणजे पसरलेला आवाज, आणि तो बिट खातो. अशा मुद्रणाला ‘बोलणंच तर आहे’ म्हणून ४८ केबीपीएसचा एमपी३ देणं म्हणजे घरघर वाचवण्याच्या नादात बाईच्या आवाजातला श्वास घालवणं.

*

फ्लॅकमध्ये काहीच वगळत नाहीत; उघडल्यावर बिट न् बिट परत मिळतो. त्यामुळे तिथल्या बिटरेटला दर्जाचा अर्थच नाही. एकाच सीडीतली एक फाइल ५५० दाखवते, दुसरी ९५०. दोन्ही सारख्याच अस्सल. ५५०ची शांत आहे, अंदाज करायला सोपी, ९५०ची गजबजलेली.

७८ आरपीएमच्या तबकडीवरून केलेल्या फ्लॅकमध्ये हे फार बोलकं होतं. खरखर जितकी जास्त, तितका आकडा मोठा, कारण खरखरीचा अंदाज करता येत नाही. बालगंधर्वांच्या एकाच पदाच्या दोन तबकड्या मिळाल्या, तर झिजलेल्या तबकडीची फाइल मोठी आणि स्वच्छ तबकडीची लहान निघणार. मोठी निवडू नये.

व्हीएचएसलाही हाच न्याय. चित्राच्या अगदी तळाशी काही ओळी सतत फडफडत असतात, तो हेड बदलतानाचा दोष. जुन्या टीव्हीत कडेखाली लपायचा. एन्कोडर त्या ओळींना चित्रच समजतो आणि सेकंदामागून सेकंद त्यांच्यावर बिट खर्चतो. पाहण्याच्या प्रतीत तेवढी पट्टी काळी केली की तेच बिट चेहऱ्यांना मिळतात.

*

गाणं ३ मिनिटं २० सेकंदांचं आणि प्लेअर दाखवतो १६ मिनिटं ४० सेकंद. फाइल बिघडलेली नाही. हलत्या बिटरेटच्या एमपी३मध्ये एकूण फ्रेम किती हे पहिल्या फ्रेममधल्या एका नोंदीत लिहिलेलं असतं. ती नोंद नसेल तर काही प्लेअर पहिल्या फ्रेमचा बिटरेट घेतात आणि फाइलीच्या आकाराला त्याने भागतात. गाण्याआधी शांतता असते. शांततेला ३२ केबीपीएस पुरतात. चार एमबी भागिले ३२ केबीपीएस बरोबर हजार सेकंद. खरी सरासरी १६०, खरा वेळ दोनशे सेकंद.

*

यूट्यूबवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडतात आणि ‘कनेक्शन स्पीड’चा आकडा व्हिडिओचा बिटरेट म्हणून सांगतात. तो इंटरनेटच्या वेगाचा अंदाज आहे. व्हिडिओ १ एमबीपीएसचा असला तरी तिथे ४०,००० दिसू शकतं.

*

मार्च २०२०. टाळेबंदीत सगळे घरी, जाळ्यावर ताण. युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेटन यांच्या विनंतीनंतर नेटफ्लिक्सने युरोपात ३० दिवसांसाठी बिटरेट उतरवले. वाहतूक सुमारे २५ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. एचडी एचडीच राहिलं, ४के ४केच. फक्त त्या-त्या आकारातले वरचे बिटरेट काढले. भारतात कंपन्यांनी मिळून मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत एचडी थांबवून ४८०पीच्या वर न जाण्याचं ठरवलं. तिथे खर्च छाटला आणि आकार ठेवला, इथे आकारच छाटला. सहा इंचांच्या पडद्यावर हा मार्ग मला चुकीचा वाटत नाही. लहान आकाराला पुरेसे बिट मिळालेलं चित्र, उपाशी ठेवलेल्या मोठ्या चित्रापेक्षा डोळ्याला बरं दिसतं.

*

‘तीन सिनेमे एका डीव्हीडीत’ या डिस्क आठवत असतील. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांचा एकच सिनेमा ठेवला तर ५.२ एमबीपीएस वाट्याला येतात. सव्वादोन तासांचे तीन ठेवले तर दीड. एमपेग-२ला, ७२० बाय ५७६च्या चित्राला दीड एमबीपीएस म्हणजे उपासमार. गर्दीच्या दृश्यात, नाचगाण्यात चौकोन दिसायचे ते त्यामुळे. कित्येक मराठी चित्रपटांची घरातली प्रत अशीच होती, आणि मूळ चित्रपटच तसा धुरकट आहे असं एका पिढीला वाटत राहिलं, याचं वाईट वाटतं.

*

एमकेव्ही फाइलीतला बिटरेट जपून वाचावा. या डब्यात प्रत्येक ट्रॅकचा बिटरेट मुळात लिहिलेला असतोच असं नाही. काही साधनं तो मोजून शेवटी टॅग म्हणून जोडतात. पुढे कोणी तीच फाइल लहान केली आणि त्याच्या साधनाने जुने टॅग तसेच पुढे नेले, तर चित्र असतं १५०० केबीपीएसचं आणि टॅग म्हणतो ८०००. ताळा सोपा: फाइलीचा आकार मेगाबाइटमध्ये, भागिले मिनिटं, भागिले साडेसात. उत्तर एमबीपीएसमध्ये. टॅगचा आकडा याहून बराच मोठा असेल तर टॅग खोटा.

दोन-तीन भाषांचे आवाज असलेल्या फाइलीत उलट बाजूने फसगत होते. प्रत्येकी ६४०चे तीन ट्रॅक असले तर एकूण आकड्यातले जवळजवळ दोन हजार आवाजाचेच असतात. चित्र त्या मानाने किरकोळ असू शकतं.

*

काकांच्या कॅसेट आल्या. ध्वनी-अभिलेखागारांच्या आयएएसए या आंतरराष्ट्रीय संघटनेची टीसी-०४ मार्गदर्शिका किमान ४८ हजार नमुने आणि २४ बिट सांगते. शक्य तिथे ९६ हजार. ९६ हजारला, दोन वाहिन्यांना ४६०८ केबीपीएस. साठ मिनिटांची कॅसेट दोन जीबींच्या थोडी वर जाते. आजच्या डिस्कच्या किमतीत हे काहीच नाही. फ्लॅक केलं की त्याहून कमी. मूळ म्हणून तीच फाइल ठेवायची. मोबाइलवर ऐकायला तिच्यावरून ६४चा ओपस करून दिला. टाळ नीट वाजतो.

प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर-फाइल ठेवतो: कशावरून उतरवलं, कोणत्या यंत्रावर, नमुने किती, बिट किती, मध्ये कोणती प्रत होऊन गेली का. काकांच्या फोल्डरमध्ये जुने १२८चे एमपी३ही ठेवलेत, कारण दोन कॅसेटना बुरशी लागली होती आणि त्या कीर्तनांचा तेवढाच आवाज उरला आहे. त्यांच्यासमोर ‘मूळ उपलब्ध नाही, हीच प्रत’ असं लिहिलंय.